काळ्याच्या सायलेन्सरची निगा

९ जानेवारी

धाकटे,

भट्टी मी बनवली. बंद पडलेल्या बेकरीतलं पत्र्याचं कपाट हातगाडीवर घालून आणलं, आतून वीट लावली, वरच्या बाजूला तापणाऱ्या तारा बसवल्या, दाराला वाफ सुटू नये म्हणून दोरीची कड शिवली. हवा ओढायचा पंप मी बनवला, भंगारातल्या फ्रिजच्या पोटातून काढून. ॲल्युमिनियमचे लंबगोल साचे मी कानशीने घासून उतरवले आणि इतके चकचकीत केले की तू त्यांत बघून केस विंचरायचीस. रिवेटची भोकं एका ओळीत पडावीत म्हणून पोलादी पट्टीचं माप मी कापलं. तुझं कार्बनचं कापड कापायचं टेबल मी बनवलं, तुझ्या कोपराच्या उंचीचं, कारण आधीच्या टेबलावर वाकून तुझी पाठ जायची. पाटीवरची अक्षरं मी रंगवली. त्या पाटीवरचं 'काळ्या' हे नावही माझंच, कारण घरात त्या रंगाचा मी एकटाच निपजलो आणि आईने मला दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नाही.

हे सगळं तुला माहीत आहे. तरी लिहितोय, कारण तुझ्या नवऱ्याने छापलेली रंगीत पत्रिका काल टायरवाल्याने माझ्यापुढे टाकली. तिच्यात आहे, 'आम्ही स्वतः घडवलेल्या भट्टीत, एकशे ऐंशी अंशांवर भाजलेले कार्बन फायबरचे सायलेन्सर.' आम्ही म्हणजे कोण? त्या गृहस्थाने आयुष्यात स्वतःच्या हाताने एकच वस्तू तापवली आहे, ती म्हणजे इस्त्री. घामाने कॉलर मऊ पडते म्हणून तो भट्टीच्या खोलीत कधी आला नाही. मी आतून आकडा सांगायचो आणि तो काउंटरवर गिऱ्हाइकाला ऐकवायचा, एकशे ऐंशी, एकशे ऐंशी, जणू स्वतः आत बसून भाजून निघालाय.

मागच्या वर्षी, कापड ज्यात भिजवून चिकटवतो त्या रेझिनने माझी कातडी उतरली. बोटांना फोड आले, डोळे सुजून मिटले. डॉक्टर म्हणाला, ओल्या रेझिनला पुन्हा हात लावलास तर पुढच्या वेळी श्वास अडकेल. मी अंधारात पडलो होतो तेव्हा तू सही केलीस. गाळा बाबांनी आपल्या दोघांच्या नावावर ठेवला होता आणि कुणाही एकाची सही चालेल असं विश्वासाने लिहून ठेवलं होतं. माझे डोळे उघडले तोवर गाळ्याला नवं कुलूप होतं, आणि 'काळ्या' हे नाव इस्त्रीवाल्याच्या नावावर नोंदलेलं होतं.

आता मी टायरवाल्याच्या मागच्या शेडमध्ये लोकांचे जुने सायलेन्सर उघडून आतली आवाज शोषणारी काचेची लोकर बदलून देतो. फोन करू नकोस. तुझा आवाज आला की मागे उभा असलेला तो दिसतो. लिहायचं तर लिही. तुमचं दुकान बसलेलं मला बघायचंय. घाई नाही.

दादा

२० जानेवारी

प्रिय दादा,

हे पत्र यांनी वाचलंय. तुझंही वाचलं. इस्त्रीच्या ओळीवर थांबले, मग म्हणाले, "भाषा चांगली आहे तुझ्या भावाची, पत्रिका त्यालाच लिहायला द्यायला हवी होती." त्यावरूनच पुढचं सुचलं.

काही गिऱ्हाइकं तक्रार घेऊन येतायत. सायलेन्सरचा नळा पुढच्या तोंडाशी, जिथे इंजिनाकडून येणारा पाइप आत शिरतो, तिथे तपकिरी पडतो. आधी चकाकी जाते, मग विणीचे धागे वर उमटून दिसायला लागतात. एकाचा तर गाडीला धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पखाली दबला. यांचं म्हणणं, माल उत्तम आहे, लोकांना निगा राखता येत नाही. म्हणून प्रत्येक खोक्यात निगा कशी राखायची त्याचं पत्रक घालायचं. ते तुझ्याइतकं नेमकं कुणी लिहिणार नाही. तुला त्याचा मोबदला देतील.

मी तेच टेबल वापरते. कापड मीच कापते, साच्यावर मीच गुंडाळते. भट्टीचं काम आता यांनी ठेवलेला माणूस बघतो.

तुझे हात कसे आहेत? साध्या तेलाने आराम पडतो का?

तुझी धाकटी

२ फेब्रुवारी

धाकटे,

हातांची चौकशी हात सोललेले असताना करायची असते. तरी सांगतो, बरे आहेत, कोरडं काम करतात.

पत्रक लिहून देतो. मोबदला नको. अट एकच, मी लिहिलंय ते अक्षराला अक्षर छापायचं, शेवटच्या ओळीसकट. एक ओळ गाळली तर हेच पत्रक मी स्वतः छापून वाटेन आणि खाली लिहीन की कोणती ओळ कुणाला जड गेली. इस्त्रीवाले वाचतायत ना? वाचा, सावकाश.

'गाडी बंद केल्यावर नळा हाताला गार लागेपर्यंत त्यावर पाणी घालू नये. तापलेल्या नळ्यावर गार पाणी पडलं की वरचा थर आधी आकसतो, आतला मागून, आणि दोघांमध्ये केसाएवढी फट पडते. ती पुन्हा मिटत नाही.

साधा सौम्य साबण आणि मऊ कापड घ्यावं. साखळीचं तेल काढायचं द्रावण नळ्याला चुकूनही लावू नये, ते रेझिन खातं. धुतल्यावर रिवेटभोवती कोरडं पुसावं. कार्बन आणि ॲल्युमिनियम ओलसर राहून एकमेकांना भिडले की ॲल्युमिनियम झिजतं, पांढरी पूड दिसते. पूड दिसली की रिवेट बदलावा.

नळ्याला उन्हाचा त्रास उष्णतेपेक्षा वेगळा होतो. उन्हाने वरचं चकाकीचं लॅकर पिवळं पडतं, उष्णतेने आतलं रेझिन तपकिरी पडतं. पिवळेपणा टाळायला ऊन अडवणारं मेण महिन्यातून एकदा हलक्या हाताने चोळावं. नळा गरम असताना गाडीवर आच्छादन घालू नये.

आवाज पोकळ आणि मोठा झाला की समजावं, आतली लोकर जळून उडाली. लोकर ही भिंत आहे. ती गेली की आग थेट कार्बनला लागते. तशी गाडी एक दिवसही चालवू नये, उघडून नवी लोकर भरून घ्यावी.

क्लॅम्पखालचं रबर फाटलं तर लगेच बदलावं.

एवढी निगा राखूनही नळा तपकिरी पडला किंवा मऊ झाला, तर दोष आमचा. तो आम्ही फुकट बदलून देऊ, कितीही वेळा.'

झालं. यातला शब्द न् शब्द खरा आहे.

दादा

२६ फेब्रुवारी

प्रिय दादा,

छापलं. अक्षराला अक्षर, कागदही बरा वापरलाय. खोक्यात सर्वांत वर ठेवतो.

शेवटच्या ओळीवर यांचं आणि छापखानेवाल्याचं बोलणं झालं. छापखानेवाला म्हणाला, "साहेब, कितीही वेळा? एकदा म्हणा फार तर." हे हसले. "अहो, लोक स्वतःचे दात नीट घासत नाहीत, सायलेन्सर कोण पुसत बसतंय? माल परत आणला की विचारायचं, मेण लावलं होतं का? लोकर बदलली होती का? रबर बघितलं होतं का? तिसऱ्या प्रश्नाला माणूस घरी जातो. आणि या ओळीने माल दुप्पट खपेल, बघा तुम्ही."

खपतोय. मला दुपारचं जेवण उभ्याने होतं.

तुझ्यावर राग नाही म्हणाले. मोठेपणा यांचाच.

तुझी धाकटी

१४ जून

धाकटे,

इस्त्रीवाल्याने काउंटरवर पाकिटं बघितली, मोटरसायकलवाला कधी बघितला नाही. जो माणूस बायकोला तिचा आवडता रंग सांगू शकत नाही, तो साखळीच्या तेलाचा नंबर झोपेत सांगतो. त्याला तुम्ही छापील कागद दिलात आणि कागदात कारणं दिलीत. त्याने तो कागद देवाणघेवाणीचा करार समजून पाळला.

माझ्याकडे पहिला आला विजेच्या खांबांवर चढणारा तारवाला. पत्रक त्याने घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं होतं. मेण कोणत्या दिवशी लावलं तेही सांगितलं. नळा तोंडाशी बदामी. मग हॉस्पिटलातली नर्स आली. ती गाडी पुसायला जुनी मऊ ओढणी वेगळी ठेवते आणि ती ओढणी घरात कुणाला हात लावू देत नाही. तिचा नळा अंगठ्याने दाबला तर दबत होता. मी उघडून बघितलं. लोकर पांढरी, जागच्या जागी. रबर नवं. रिवेट कोरडे. म्हणजे निगेत खोट काढायला तीळभर जागा नाही.

दोघं आधी तुमच्याच काउंटरवर गेले होते. "मेण लावलं होतं का?" लावलं. "लोकर?" ही बघा. "रबर?" हे घ्या. तिसऱ्या प्रश्नाला माणूस घरी गेला नाही. नवा नळा घेऊन गेला. आणि तो नवाही पावसाळ्याच्या आत तपकिरी पडला, म्हणून मग माझ्याकडे आले.

अशांना मी फुकटात स्टीलचा नळा चढवून देतो, म्हणजे कुणाचा पाय भाजणार नाही. जळका नळा मात्र ठेवून घेतो. शेडच्या रस्त्याकडच्या भिंतीला खिळे ठोकलेत. एक एक नळा टांगतो, खाली खडूने तारीख. सकाळी चहा घेऊन समोर उभा राहतो. भिंत भरत आलीय.

एक गोष्ट मात्र घशाखाली उतरत नाही. काल एक पार्सलवाला आला. नळा क्लॅम्पमधून निसटून त्याच्या पिशवीला टेकला होता, पिशवी जळाली, आतलं सामान जळालं. भिंतीकडे बघून तो टायरवाल्याला म्हणाला, "काळ्याच्या मालात आता दम राहिला नाही." मी तिथेच लोकर कापत होतो. माझंच नाव, माझ्याच समोर, आणि मी ते जळताना बघत बसलोय, विझवायचं पाणी माझ्याकडे असून.

तरी बसणार. त्याला सांग, तपकिरी का पडतं ते मला माहीत आहे. तुलाही सांगतो, जिने सही केली तिलाही मी सांगणार नाही.

दादा

३० जुलै

दादा,

हे पत्र यांनी वाचलेलं नाही. टपालपेटीत मी स्वतः टाकतेय. गाळ्यात नाही, घरातही नाही. शिवणवाल्या मैत्रिणीच्या माडीवर खोली घेतलीय, पत्ता मागे लिहिलाय.

पाकिटात एक तार आहे, ती सांडू नकोस. सोल्डरची तार. बोटभर तुकडा. बघ, सरळच्या सरळ आहे.

तुला वाटतं भट्टीचं गुपित तुझ्या एकट्याकडे आहे. भट्टीचा ट्रे रोज कोण पुसायचं? तू कधी बोलला नाहीस, पण ट्रेच्या कोपऱ्यात रोज सोल्डरचे वितळलेले थेंब असायचे आणि ते मी सुरीने खरवडून काढायचे. एकदा आत डोकावले तर तू तारेकडे बघत उकिडवा बसलेला, तार लोळली तसा उठून बटण मागे घेतलंस. मी भट्टीच्या तापमानाच्या काट्याकडे बघितलं, काटा दोनशे दहावर. बाहेर येऊन तू यांना ओरडून सांगितलंस, "एकशे ऐंशी." तेव्हा मला कळलं. काटा वरच्या तापणाऱ्या तारांजवळ बसवलाय, तिथलं तो सांगतो. नळा असतो खाली, तिथे तीस अंश कमी. तू काट्याला विचारत नव्हतास, सोल्डरच्या तारेला विचारत होतास, ती एकशे ऐंशीच्या आसपासच वितळते.

यांनी ठेवलेला माणूस काटा एकशे ऐंशीवर आणतो आणि थांबतो. पत्रिकेत तेच छापलंय ना. पहिल्याच आठवड्यात मी ट्रेमध्ये तार ठेवून बघितली. वितळली नाही. ती तीच तार.

म्हणजे कच्चे भाजले जाणारे नळे गेलं दीड वर्ष मी माझ्या हाताने गुंडाळून देतेय, आणि गप्प आहे.

सहीचं ऐक. यांनी मला सांगितलं, दादाला मोठ्या हॉस्पिटलात न्यायचंय, गाळा तारण ठेवावा लागेल. मी न वाचता केली. कुलूप बदललेलं मलाही त्याच दिवशी कळलं जेव्हा तुला कळलं. त्यानंतर एका गिऱ्हाइकाने काउंटरवर विचारलं, या कोण? हे म्हणाले, "ती होय, आमच्याकडे कापड कापते." त्या क्षणी मी ठरवलं, बाई, आता कापडच काप. तोंड उघडायचं नाही.

तुझ्या पत्रकातली शेवटची ओळ वाचली तेव्हा मला हसू आवरेना. हे समोर होते म्हणून खोकल्यासारखं केलं. त्यांनी विचारलं, "दादाची ओळ ठेवू का?" मी म्हटलं, "ठेवा की, माल खपेल." ते छापखान्यात जे बोलले, ते आधी माझंच बोललेलं होतं.

आता मागची खोली परत आलेल्या नळ्यांनी भरलीय. बदलून दिलेले पुन्हा येतायत. परवा माझ्यावर ओरडले, "तू नीट गुंडाळत नाहीस." मी कात्री पुसली, पिशवीत घातली आणि जिना उतरले. एवढंच झालं, भांडण नाही.

ते तुझ्याकडे येणार आहेत. मोठी रक्कम घेऊन येतील. तू काय सांगायचं ते तू ठरव. नाव तुझं आहे. माझ्याकडून त्यांना आकडा मिळणार नाही, हे मात्र नक्की.

धाकटी

१७ ऑगस्ट

धाकटे,

तार मिळाली. खिडकीच्या चौकटीवर ठेवलीय. दीड वर्ष मी एकटाच हुशार होतो, आणि ट्रे पुसणारी पहिल्यापासून सगळं जाणून होती. आधी राग आला. मग टायरवाला विचारायला लागला की तुम्ही एकटेच का हसताय.

तुला जे लिहिलं, जिने सही केली वगैरे, ते खोडून टाक. खोडलंस असं कळव.

तो आला होता. भर दुपारी. शेडमध्ये पंखा नाही, आणि मी त्याला बसायला जागा दिली ती पत्र्याखालची. म्हटलं, "या, बसा. कॉलर सांभाळून." दहा मिनिटांत कॉलर कोमेजल्या पानासारखी झाली. पहिल्यांदा बघितली. जाता-येता भिंतीकडे बघत नव्हता, पण तारखा वाचल्याशिवाय राहवलं नाही त्याला.

"दादा, भट्टीत काहीतरी चुकतंय."

"भट्टी तुम्ही स्वतः घडवलीय. पत्रिकेत वाचलं मी."

"घरातलं आहे, घरात मिटवू."

"मिटवलं असतं. पण कुलूप नवं आहे."

मग त्याने एक एक करून टेबलावर मांडायला सुरुवात केली, गाळा, पाटी, हिस्सा, आणि रक्कम. शेवटी म्हणाला, "फक्त भट्टीचं काय ते सांगा. किती अंशांवर भाजायचं?"

मी म्हटलं, "एकशे ऐंशी."

"तेच तर करतोय आम्ही."

"मग मी आणखी काय सांगणार?"

धाकटे, मी खोटं बोललो नाही. नळा एकशे ऐंशीलाच भाजतात. जन्मभर जो आकडा विकला तोच त्याला परत दिला, फुकट. खिडकीवर तार होती, त्याच्या कोपरापासून वीतभर अंतरावर. त्याने तिच्यावर आपला चष्मा ठेवला.

निघताना म्हणाला, "तुमचंच नाव बुडतंय, दादा." हे मात्र त्याने बरोबर जागी मारलं. त्याचं उत्तर तुला देतो. नाव आईने हाक मारायला दिलं होतं, पाटीवर मी चढवलं. ज्या मालावर ते आहे तो कच्चा आहे, तेव्हा नावाला बुडू दे. मी त्याला एवढंच म्हटलं, "पत्रकातली शेवटची ओळ पाळत जा. कितीही वेळा." तो पाळेल, कारण तारवाला आणि नर्स आता एकमेकांना ओळखतात, आणि अशी बरीच मंडळी रविवारी त्याच्या काउंटरपुढे पिशव्या घेऊन उभी असतात. बदलून देणार तेही त्याच भट्टीतलं. ते पुन्हा येणार.

आता कामाचं. शेडच्या अर्ध्या भागात काचेची भिंत घालतोय. तू आत कापड गुंडाळायचंस, मी बाहेरून बघायचं आणि बोटाने दाखवायचं. तू ऐकणार नाहीस हे माहीत आहे. नवी भट्टी मांडलीय, काटा या वेळी खाली, ट्रेच्या शेजारी, तरी तार ठेवायचीच. साचे मी नवे घासतोय, जुन्यांना हात लावू नकोस. तुझी कात्री घेऊन ये. टेबलाची उंची तीच ठेवलीय. नव्या नळ्यांवर नाव घालायचं नाही, आणि पहिले जे निघतील ते भिंतीवरच्या तारखांच्या क्रमाने त्या त्या माणसाला चढवायचे.

उद्या तो चारचौघांत सांगेल की मेहुण्याने चार पैशांसाठी अडवलं. तेव्हा त्याने खरं काय देऊ केलं होतं ते तुला माहीत असावं म्हणून लिहून ठेवतो. गाळा परत, पाटीवर माझं नाव, धंद्यात निम्मी मालकी, आणि वर रोख. मी नाही म्हणालो. रोख बावीस लाख होती.

दादा